घरी छापलेले तिकीट खरे कसे ठरते?

सिनेमाचे तिकीट घरबसल्या इंटरनेटवर काढता येते आणि घरच्याच प्रिंटरवर छापता येते, असे वर्गात सांगितले की एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, "मग एका तिकिटाच्या दहा प्रती काढल्या तर? दहा जणांना आत सोडतील का?" प्रश्न खोडसाळ वाटला तरी त्याने नेमक्या जागी बोट ठेवलेले असते. साधा पांढरा कागद, साधी काळी शाई. त्यावर कसला शिक्का नाही की कोणाची सही नाही. तो कागद हवा तितक्या वेळा छापता येतो, त्याची झेरॉक्स काढता येते. तरीही चित्रपटगृहाच्या दारावरचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो आणि आपल्याला आत सोडतो. हा विश्वास कशावर उभा आहे?

आता पुष्कळ ठिकाणी कागदाची जागा फोनच्या पडद्याने घेतली आहे. पण पडद्यावर दिसणारी चौकोनी आकृती आणि कागदावर छापलेली आकृती यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. म्हणून या लेखात आपण कागदच धरून चालू. जागा निवडण्यापासून दारातून आत जाईपर्यंतचे टप्पे एकेक करून पाहू आणि शेवटी त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. वाटेत जे गणित लागेल ते सातवी ते दहावीच्या वर्गांत खडू-फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे.

जुन्या तिकिटाची तीन कामे

नवी व्यवस्था समजून घ्यायची तर जुनी आठवली पाहिजे. खिडकीवर मिळणारे तिकीट पातळ रंगीत कागदाचे असे. स्टॉलचा रंग वेगळा, बाल्कनीचा वेगळा. त्यावर छापील अनुक्रमांक असे, खेळाची वेळ असे, करमणूक कराची रक्कम असे. दारावरचा माणूस ते मधोमध फाडून अर्धा तुकडा आपल्याकडे ठेवी आणि उरलेला आपल्या हातात देई.

या साध्या कागदाने तीन कामे केलेली असत. पहिले, ते बनावट नाही हे दाखवणे. तसा कागद, तसा रंग, तसे आकडे घरी छापणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. दुसरे, एक जागा एकालाच विकली आहे याची हमी देणे. ही हमी खरे तर तिकिटात नसून खिडकीच्या आत असलेल्या तक्त्यात होती. आगाऊ आरक्षण करणारा कारकून आसनांच्या नकाशावर विकलेल्या जागेवर फुली मारी. तक्ता एक आणि फुली मारणारा हातही एक, त्यामुळे घोटाळ्याला वाव नसे. तिसरे काम म्हणजे तिकीट वापरले गेले आहे, हे दाखवणे. फाडणे ही त्याची खूण होती. फाटलेले तिकीट घेऊन दुसरा कोणी आत जाऊ शकत नसे.

घरी छापलेला कागद यांपैकी एकही काम करू शकत नाही. तो कोणालाही छापता येतो, त्याच्या छपाईत कारकुनाचा हात नसतो आणि त्याची एक प्रत फाडली तर दुसरी शिल्लक राहते. तेव्हा ही तिन्ही कामे कागदावरून काढून दुसरीकडे कोठे तरी न्यावी लागली. ती कोठे नेली, हाच या लेखाचा विषय आहे.

तक्ता खिडकीबाहेर आला

आसनांचा तक्ता संगणकात ठेवावा, ही कल्पना सिनेमावाल्यांची नाही. १९६०च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने आय.बी.एम.च्या साहाय्याने 'सेबर' ही आरक्षणव्यवस्था उभी केली. निरनिराळ्या शहरांतील कारकून दूरध्वनीच्या तारांवरून एकाच संगणकातील एकच तक्ता पाहू लागले. आपल्याकडे रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाले. मात्र या दोन्ही ठिकाणी संगणकासमोर बसलेला माणूस संस्थेचाच होता. प्रवासी खिडकीच्या बाहेरच राहिला.

तो आत आला इंटरनेटमुळे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. अमेरिकेत २००० साली फॅनडँगो आणि मूव्हीटिकेट्स या कंपन्या सिनेमाची तिकिटे इंटरनेटवर विकू लागल्या. आपल्याकडे 'बुकमायशो' २००७ मध्ये आले. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी घरी छापलेला कागद ही केवळ पावती असे. ती खिडकीवर दाखवून खरे तिकीट घ्यावे लागे. रेल्वेनेही अशाच पायऱ्या चढल्या. २००२ साली इंटरनेटवर आरक्षण सुरू झाले, तेव्हा तिकीट रेल्वे छापी आणि ते कुरियरने घरी येई. प्रवाशाने स्वतः छापलेले ई-तिकीट २००५ पासून आले.

आधी आरक्षण घरी आले आणि छपाई मागाहून आली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. लोकांना तक्ता पाहू देणे त्या मानाने सोपे होते. लोकांनीच छापलेल्या कागदावर विश्वास ठेवणे अवघड होते.

एक जागा, दोन गिऱ्हाइके

आता पहिला टप्पा. समजा, रविवारच्या सहाच्या खेळाला 'एफ' रांगेतील ११ क्रमांकाची जागा रिकामी आहे. ठाण्यात बसलेली एक बाई आणि पुण्यात बसलेला एक विद्यार्थी एकाच क्षणी ती जागा मागतात. संगणक काय करील?

संगणकाचे काम तीन पायऱ्यांचे आहे : तक्ता वाचणे, जागा रिकामी आहे का ते तपासणे आणि रिकामी असल्यास 'विकली' असे लिहिणे. आता हा क्रम पाहा. बाईंसाठी तक्ता वाचला, जागा रिकामी. विद्यार्थ्यासाठी तक्ता वाचला, जागा अजून रिकामीच. मग बाईंच्या नावाने 'विकली' असे लिहिले. लगेच विद्यार्थ्याच्या नावानेही लिहिले. दोघांनाही तिकीट मिळाले, दोघांनीही ते छापले आणि दोघेही रविवारी 'एफ ११'समोर उभे! यात संगणकाने गणित चुकवलेले नाही. वाचणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दुसऱ्याला शिरायला फट राहिली, एवढेच झाले.

उपाय असा की या तिन्ही पायऱ्या मिळून एकच अखंड क्रिया मानायची. एकाचे वाचून-तपासून-लिहून होईपर्यंत दुसऱ्याला त्या जागेच्या नोंदीला हात लावू द्यायचा नाही. याला त्या नोंदीला कुलूप लावणे म्हणतात.

हे वर्गात खेळून पाहता येते. फळ्यावर वीस आसनांचा तक्ता काढा. चार विद्यार्थ्यांना विक्रेते करा आणि प्रत्येकाच्या हाती खडू द्या. त्यांनी तक्ता पाहायचा, गिऱ्हाइकाच्या बाकाकडे जाऊन कोणती जागा हवी ते विचारायचे आणि परत येऊन फुली मारायची. पाच मिनिटांत दोन-तीन जागा दोघांना विकल्या गेलेल्या दिसतील. मग नियम बदला. सर्व विक्रेत्यांत खडू एकच, आणि ज्याच्या हाती खडू असेल त्यानेच तक्ता पाहायचा आणि फुली मारायची. घोटाळा थांबेल, पण विक्री रेंगाळेल. कारण एक जण गिऱ्हाइकाशी बोलत असताना बाकीचे तिघे नुसते उभे राहतील. तिसऱ्या वेळी प्रत्येक रांगेसाठी वेगळा खडू ठेवा. विक्री पुन्हा वेग घेईल आणि घोटाळाही होणार नाही. संगणकातही कुलूप संपूर्ण तक्त्याला न लावता शक्य तितक्या लहान भागाला लावतात, त्याचे कारण हेच.

प्रत्यक्षात आणखी एक अडचण असते. गिऱ्हाईक जागा निवडते आणि पैसे भरायला वेळ लावते. म्हणून निवडलेली जागा काही मिनिटे 'राखून ठेवली' अशी दाखवतात. तेवढ्यात पैसे आले तर 'विकली', नाही आले तर पुन्हा 'रिकामी'. पडद्यावर उलटी मोजणी करणारे घड्याळ दिसते ते याचसाठी.

कधीकधी पैसे खात्यातून जातात, पण तिकीट मिळत नाही. याचे कारण येथे सापडते. पैशांची नोंद बँकेच्या वहीत होते, जागेची नोंद तिकीट विकणाऱ्याच्या वहीत. एकाच वहीतल्या दोन ओळी एकदम बदलणे सोपे आहे, दोन ठिकाणच्या दोन वह्या एकदम बदलणे अवघड. मधला निरोप वाटेत हरवला तर एक वही बदलते आणि दुसरी तशीच राहते. म्हणूनच नंतर दोन्ही वह्या ताडून पाहाव्या लागतात आणि पैसे परत करावे लागतात.

पैसे पाठवायचे कसे?

कार्डाचा क्रमांक इंटरनेटवरून जाताना वाटेत अनेक यंत्रांमधून जातो. तो उघड्या पोस्टकार्डावर लिहून पाठवण्यासारखे होऊ नये म्हणून तो कुलूपबंद करावा लागतो. पण दुकानदाराला आपण कधी भेटलेलोच नसतो. मग त्याला किल्ली द्यायची कशी?

या कोड्याचे एक सुंदर उत्तर रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली दिले. दुकानदाराने एका नमुन्याची असंख्य उघडी कुलुपे जगभर वाटली आहेत, अशी कल्पना करा. किल्ली मात्र एकच, आणि ती त्याच्याच खिशात. आपण पेटीत चिठ्ठी ठेवायची आणि त्याचे कुलूप दाबून लावायचे. लावल्यानंतर ते आपल्यालासुद्धा उघडता येत नाही. येथे कुलूप म्हणजे जाहीर केलेली संख्या आणि किल्ली म्हणजे गुप्त ठेवलेली संख्या. आजच्या पद्धती याहून गुंतागुंतीच्या आहेत, पण जाहीर आणि खाजगी अशा जोडकिल्ल्यांची मूळ कल्पना टिकून आहे. तिचे गणित आपण पुढे दाराशी पोचल्यावर करू, कारण तिकीट खरे ठरवण्यासाठीही तीच उपयोगी पडते.

कागदावरची नक्षी

पैसे पोचले, जागा पक्की झाली आणि प्रिंटरमधून कागद बाहेर आला. त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या किंवा चौकोनी नक्षी असते. ही यंत्राला वाचता येणारी लिपी आहे.

पट्ट्यांची लिपी, म्हणजे बारकोड, वुडलंड आणि सिल्व्हर या दोन अमेरिकनांनी शोधली. तिचे एकस्व त्यांना १९५२ साली मिळाले. मॉर्सच्या ठिपक्या-रेघांवरून वुडलंड यांना ती सुचली होती. दुकानात ती प्रथम वापरली गेली २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय गावी, च्युइंगमच्या एका पाकिटावर.

या लिपीतील एक युक्ती मुलांना लगेच करून पाहता येते. बिस्किटाच्या पुड्यावर किंवा पुस्तकाच्या मलपृष्ठावर तेरा अंक असतात. त्यांतील शेवटचा अंक माहिती देत नाही, तो आधीच्या बारा अंकांची तपासणी करतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक तसेच घ्या. दुसरा, चौथा, सहावा असे अंक तीनने गुणा. सर्वांची बेरीज करून तीत तेरावा अंक मिळवला की दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. उदाहरणार्थ, ८९०१२३४५६७८९० ही संख्या घ्या. विषम स्थानांवरील अंक ८, ०, २, ४, ६, ८ यांची बेरीज २८. सम स्थानांवरील ९, १, ३, ५, ७, ९ यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. शेवटचा अंक ० आहे आणि १३० ला दहाने भाग जातो, म्हणजे संख्या बरोबर. आता कोणताही एक अंक बदलून पाहा, चूक लगेच पकडली जाईल. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडले जाईल. मात्र त्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल तर ही तपासणी फसते. का फसते, हे मुलांनाच शोधू द्यावे.

तपासणीचा अंक चूक दाखवतो, पण दुरुस्त करत नाही. दुकानात तेवढे पुरते, कारण यंत्राने नकार दिला तर वस्तू पुन्हा फिरवता येते. घरी छापलेल्या तिकिटाची गोष्ट वेगळी आहे. त्याची शाई कधी फिकट असते, कधी पसरलेली असते. कागद खिशात चार घड्या पडून आलेला असतो. त्यावर चहाचा थेंबही पडलेला असू शकतो. तेथे चूक दुरुस्त करणारी लिपी लागते.

चौकोनी नक्षीची क्यूआर ही लिपी १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या उद्योगसमूहात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. हेतू तिकिटांचा नव्हता, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्याचा होता. तिच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन नीट पाहा. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली तरी काळा-पांढरा-काळा-पांढरा-काळा हे भाग १:१:३:१:१ या प्रमाणातच सापडतात. त्यामुळे कागद तिरपा धरला किंवा उलटा धरला तरी यंत्राला नक्षी कोठे आहे आणि तिची दिशा कोणती हे कळते. उरलेल्या लहान चौकोनांत माहिती असते आणि तिच्यासोबत दुरुस्तीची शिदोरी असते. ही शिदोरी सर्वांत जास्त ठेवली तर सुमारे ३० टक्के माहिती बिघडली तरी मूळ मजकूर परत मिळतो.

ही किमया कशी होते? इर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या पद्धतीचा हा उपयोग आहे. तिचा गाभा नववीच्या भूमितीत बसतो. समजा, आपल्याला ३ आणि ५ हे दोन आकडे पाठवायचे आहेत. आलेखकागदावर (१, ३) आणि (२, ५) हे बिंदू घ्या आणि त्यांतून रेषा काढा. ती पुढे (३, ७) आणि (४, ९) या बिंदूंमधून जाते. आता दोनऐवजी ३, ५, ७, ९ असे चार आकडे पाठवा. वाटेत कोणतेही दोन पुसले गेले तरी चालेल, कारण उरलेल्या दोन बिंदूंतून तीच रेषा काढता येते. एखादा आकडा पुसला न जाता चुकला, म्हणजे ७ च्या जागी ४ वाचला गेला, तरी बाकीचे तीन बिंदू एका रेषेत येतात आणि चुकलेला बिंदू बाजूला पडतो. चूक नुसती कळली असे नाही, ती दुरुस्तही झाली. प्रत्यक्षात सरळ रेषेऐवजी अधिक घातांकाच्या बहुपदी वापरतात आणि आकडेमोडही मर्यादित संख्यासंचात करतात. कल्पना मात्र हीच.

दाराशी

आपण दाराशी आलो. यंत्राने नक्षी वाचली. आता हे तिकीट खरे की बनावट, हे कसे ठरवायचे? त्याचे मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग वहीचा. नक्षीत फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. यंत्र तो मुख्य संगणकाला विचारते : हा क्रमांक या खेळासाठी दिलेला आहे का? क्रमांक १, २, ३ असे ओळीने दिले तर कोणीही शेजाऱ्याचा क्रमांक ओळखून छापील. म्हणून ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे स्वैर निवडतात. समजा, दहा अंकी क्रमांक आहेत आणि प्रेक्षागृहात ५०० जागा आहेत. १,००० कोटी शक्य क्रमांकांपैकी ५००च खरे, म्हणजे अंदाजाने सांगितलेला क्रमांक बरोबर येण्याची शक्यता दोन कोटींत एक. जुन्या तिकिटाचा कागद बनवणे अवघड होते, नव्या तिकिटाचा क्रमांक ओळखणे अवघड आहे. बनावट रोखण्याचे काम कागदाकडून संख्येकडे आले ते असे.

दुसरा मार्ग मोहोरेचा. दाराशी संगणकाची जोडणी नसेल तर तिकिटावरच अशी मोहोर हवी की जी फक्त विक्रेत्याला उमटवता येईल आणि तपासता मात्र कोणालाही येईल. येथे मघाच्या जोडकिल्ल्या उलट्या वापरतात. अगदी लहान संख्या घेऊन पाहू. विक्रेत्याने ३३ आणि ३ या संख्या जाहीर केल्या आहेत आणि ७ ही गुप्त ठेवली आहे. आसन क्रमांक ४ चे तिकीट द्यायचे आहे. तो ४ चा सातवा घात काढतो, १६,३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी १६ उरते. ही झाली मोहोर. तिकिटावर '४, १६' असे छापले जाते. दारावरचे यंत्र १६ चा तिसरा घात काढते, ४,०९६. त्याला ३३ ने भागले की बाकी ४. आसन क्रमांक जुळला, तिकीट खरे. आता कोणी ४ खोडून ५ केले तर? मोहोर १६च राहिली, तिच्यातून ४च बाहेर येईल आणि लबाडी उघडी पडेल. पाचासाठी योग्य मोहोर काढायला ७ ही गुप्त संख्या हवी. येथे ३३ म्हणजे ३ गुणिले ११ हे चटकन दिसते, आणि ते दिसले की ७ शोधता येतो. म्हणून प्रत्यक्षात ६०० हून अधिक अंकी संख्या घेतात. तिचे दोन मूळ अवयव शोधणे आजच्या संगणकांच्याही आवाक्याबाहेर आहे.

मग दहा प्रतींचे काय?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. मोहोर कितीही पक्की असली तरी झेरॉक्समध्ये तीही जशीच्या तशी उमटते. म्हणजे मोहोर बनावट तिकीट पकडते, नक्कल पकडत नाही. हा फरक मुलांच्या मनावर ठसवावा.

नक्कल पकडते ती वहीच. वहीत प्रत्येक क्रमांकापुढे आणखी एक रकाना असतो : 'आत गेला'. पहिली प्रत आली, रकान्यात खूण झाली, दार उघडले. दुसरी आली की यंत्र सांगते, हे तिकीट वापरले गेले आहे. उरलेल्या आठांचीही तीच गत. जुना माणूस कागद फाडत असे. आताही तिकीट फाटते, पण ते वहीत फाटते. आणि वही एकच असल्याने प्रती कितीही असल्या तरी फाटायचे ते एकदाच. समजा, चित्रपटगृहाला दोन दारे आहेत आणि दोन्हीकडची यंत्रे एकमेकांशी जोडलेली नाहीत. मग दोन प्रती दोन दारांनी आत जातील. म्हणून दाराशी जोडणी तुटली की अशी व्यवस्था लंगडी पडते.

रेल्वेने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तेथे तिकीट नावाला बांधलेले असते आणि तिकीट तपासनीस आरक्षणाच्या यादीतील नाव ओळखपत्राशी ताडतो. प्रती कितीही काढा, त्या नावाचा माणूस एकच. सिनेमाच्या दारावर नाव विचारत नाहीत, त्यामुळे तेथे 'पहिला येईल तो आत' हाच नियम उरतो.

या नियमाला एक बोचरी बाजू आहे. यंत्राला पहिला कोण ते कळते, खरा कोण ते कळत नाही. दहाही प्रती तितक्याच अस्सल असतात. समजा, एका आईने मुलांना घेऊन जायचे म्हणून आठवडाभर आधी तिकिटे काढली आणि मुलाने हौसेने त्या कागदाचे छायाचित्र मित्रमंडळींना पाठवले. त्यांतल्या कोणी ती नक्षी छापून दहा मिनिटे आधी दार गाठले, तर पैसे भरणारी आई दाराबाहेर आणि न भरणारा आत. तिच्या हातातला कागद खोटा नाही, पण वहीत तो फाटून गेलेला आहे. भरलेल्या पैशांची नोंद दाखवून तिला आपली बाजू मांडता येईल, पण ती दारावरच्या माणसापुढे, यंत्रापुढे नव्हे. म्हणून मुलांना हे आवर्जून सांगावे : नक्षी म्हणजे चित्र नाही, ती किल्ली आहे. घराच्या किल्लीचा साचा आपण कोणाला काढू देत नाही, तसेच हे.

वहीची किंमत

तिन्ही कामे वहीकडे गेल्याने सोय झाली यात शंका नाही. रांगेत उभे राहणे वाचले, 'हाउसफुल्ल'ची पाटी पाहून परतणे टळले. पण खिडकीवर नाणी मोजून तिकीट घेणाऱ्याला नाव-गाव कोणी विचारत नसे. आता वहीला आपला फोन क्रमांक ठाऊक असतो, कोणता चित्रपट, कोणत्या दिवशी, किती जण, हेही ठाऊक असते. शिवाय कागद, शाई आणि वीज आपली वापरूनही अनेक ठिकाणी सेवेचा आकार वर द्यावा लागतो. ज्याच्याकडे बँकेचे कार्ड किंवा फोन नाही, तो खिडकी उघडेपर्यंत चांगल्या जागा घरबसल्या विकल्या गेलेल्या असू शकतात. यांत काय योग्य आणि काय अयोग्य यावर वर्गात दोन बाजू करून चर्चा घडवावी. उत्तर गणितासारखे एकच येणार नाही, पण प्रश्न खरा आहे.

जाता जाता एक प्रयोग सुचवतो. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी प्रवेशिका साध्या कागदावर मुलांकडूनच तयार करून घ्याव्यात. प्रत्येकीवर सहा अंकी स्वैर क्रमांक असावा. दाराशी एका वहीत सगळे क्रमांक लिहून ठेवावेत आणि आत जाणाऱ्याचा क्रमांक खोडावा. काही जणांना मुद्दाम नक्कल करायला सांगावे, काही जणांना मनाने क्रमांक रचायला सांगावे. मग वही दोन दारांशी दोन ठेवून पाहावी. कोण पकडला गेला आणि कोण निसटला, याची नोंद मुलांनी केली की दहा प्रतींच्या प्रश्नाचे उत्तर त्यांचे त्यांनाच मिळेल.